हुशारपैकी

परवा सुट्टीला आलेल्या सूनबाईने मोबाइलवर मला पुण्याचा नकाशा दाखवला. नातू तीन वर्षांचा आहे, अजून त्याला धड नाक शिंकरता येत नाही, पण त्याच्या हुशारीला शोभेल अशी वस्ती शोधणं चालू आहे. "आई, इथल्या शाळा एकदम टॉप आहेत, आणि क्राउडपण मिक्स आहे, सगळ्या प्रकारची माणसं राहतात," ती म्हणाली. मी चष्मा पुसला आणि म्हटलं, बघू. मग न्हाणीत जाऊन एकटीच हसले. सगळ्या प्रकारची माणसं! फरसाणाच्या दुकानात जाऊन पाव किलो मिक्स बांधून घ्यायचंय जणू. हाच उद्योग माझ्या वडिलांनी मी सातवीत जात असताना केला होता. त्यांनीही शाळा पाहिली, माणसं पाहिली, आणि मी हुशार म्हणून सगळं घर उचलून एका नव्या वस्तीत नेलं. त्या वस्तीतल्या हुशार मुलांच्या वर्गात एक जागा होती. ती जागा कुणाची होती आणि तिथे कोण बसलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता नांदेडला निवृत्त होऊन बसले आहे, ऐकणारं कुणी नाही, तेव्हा लिहून टाकते.

आण्णा किनवटला जमीन मोजणीच्या कचेरीत ट्रेसर होते. साहेबाने पेन्सिलीने काढलेल्या रेषेवर अर्धपारदर्शक कापड ठेवायचं आणि शाईने तीच रेष पुन्हा ओढायची, हे त्यांचं काम. लातूर नवा जिल्हा झाला, नव्या जिल्ह्याला नवे नकाशे लागले आणि आण्णांची बदली झाली. त्या दिवसापासून त्यांची मान अशी काही ताठ झाली, की जणू जिल्हा यांनीच कापून वेगळा काढला असावा. "हद्द माझ्या हातनं निघाली," ते पाहुण्यारावळ्यांना सांगायचे. माय चुलीपुढून म्हणायची, "हद्द काढली, आता त्यात पाणी बी काढा." कारण पाऊस दोन वर्षं पडलाच नव्हता. नव्या कलेक्टर कचेरीला ताजा पिवळा रंग होता, दारावर पाटी होती, आवारात झेंडा होता, आणि नळ उघडला की नुसती शिट्टी वाजायची.

तर अशा गावात राहायला वस्ती निवडायची. आण्णांचे मावसभाऊ लातुरात आमच्या बौद्धांच्या वस्तीत राहत होते. त्यांनी शेजारची खोली आमच्यासाठी अडवून ठेवली होती, आणि त्या वस्तीतला हापसा दुष्काळातही पाणी देत होता. मायच्या दृष्टीने विषय तिथेच संपला. "आपली माणसं हायत, हापसा हाय, आजून काय पायजे?" पण आण्णांनी ट्रेसिंगच्या कापडाचा एक तुकडा घरी आणला, त्यावर अख्खं लातूर काढलं आणि एकेका वस्तीला मार्क द्यायला बसले. शाळेला चाळीस मार्क. माणसं मिश्र असली तर चाळीस. पाण्याला वीस. मी शेजारी बसून टाक धुऊन द्यायचे आणि मला फार अभिमान वाटायचा. आज त्या कापडाची आठवण झाली की अंगाचा तिळपापड होतो. दोन वर्षांच्या दुष्काळात ज्या माणसाने पाण्याला वीस मार्क दिले, त्याने उभ्या आयुष्यात कधी घागर उचलली नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

माय विचारायची, "हे काय करून राहिले तुम्ही?" आण्णा म्हणायचे, "इमल हुशार हाय. तिथं राहिली तर तिथलीच होईल." माझं नाव विमल, घरात इमल. "आन सुमी?" माय विचारायची. "सुमी बी येईल की संगं," आण्णा म्हणायचे. सुमी माझ्याहून सव्वा वर्षाने लहान. मी एकटी शाळेत जायला रडायचे म्हणून तिला लवकरच माझ्याबरोबर बसवलं, म्हणून आम्ही दोघी एकाच वर्गात. मी पाठ करायचे आणि घडाघडा म्हणून दाखवायचे, सुमी काहीच म्हणून दाखवायची नाही. तेव्हा घरादाराने ठरवलं होतं की एक हुशार आहे आणि दुसरी बरी आहे. मीही तसंच धरून चालले होते आणि तिला माझी दौत भरायला लावायचे.

सर्वांत जास्त मार्क पडले एकोपा कॉलनीला. गावाबाहेर औशाच्या बाजूला नवे प्लॉट पडले होते, साठसत्तर घरं, मधे शाळा. शाळेत कॉलनीतल्या सातवीच्या वीस मुलांसाठी सकाळचा 'निवड वर्ग' भरायचा, स्कॉलरशिपसाठी; बाकीच्यांची रवानगी 'ड' तुकडीत. कॉलनीत राहत नसाल तर वर्गात जागा नाही. हे सगळं ज्यांच्या डोक्यातून निघालं ते एक प्राध्यापक होते. कॉलनी त्यांना नुसतं सर म्हणायची. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. कॉलनीला ते 'छोटा भारत' म्हणत. एक घर मुसलमान वकिलाचं, एक लिंगायत कापडवाल्याचं, एक मारवाड्याचं, एक देगलूरकडच्या तेलुगू कंत्राटदाराचं, असा त्यांनी एकेक नमुना गोळा केला होता. बाकीची सगळी घरं त्यांच्या स्वतःच्या नात्यागोत्यातली होती, पण त्यांना ते मोजत नसत. नमुन्यांत आमचा कमी होता. सरांच्याच घरामागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. आण्णांनी आम्हां तिघींना इस्त्रीचे कपडे घालून तिथे दाखवायला नेलं.

सर बाहेर आले, आण्णांच्या खांद्यावर हात ठेवला, एकात्मतेवर बोलू लागले. तोवर आतून त्यांच्या बायको आल्या, त्यांना सगळे काकू म्हणत. त्यांनी आम्हां दोघींना वरून खालून पाहिलं आणि सुमीला विचारलं, "तुम्ही कुणापैकी गं?" हा प्रश्न आमच्या मुलखात ज्याला कळत नाही असा माणूस नाही. जात विचारायची, पण जात हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आण्णांचा चेहरा पडला. सरांचं बोलणं तोंडातच राहिलं. पण सुमीला तो प्रश्न कळलाच नाही, कारण तिच्या कानावर चार महिने एकच गोष्ट पडत होती. ती सरळ म्हणाली, "आम्ही हुशारपैकी. म्हंजे आक्का हुशारपैकी हाय. मी न्हाई."

सर इतके हसले, की त्यांना डोळे पुसावे लागले. "ऐकलंत? ऐकलंत का?" ते काकूंना म्हणाले, जणू ते उत्तर त्यांनीच पढवलं होतं. "बस्स! ही जातच आपल्याला हवीय देशात!" खोल्या आम्हाला तिथल्या तिथे मिळाल्या. पुढे वर्षभर सर ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, सुमीला हाक मारून पुढे उभी करत आणि पुन्हा म्हणायला लावत. काकूंनी काय विचारलं होतं, तेवढं ते वगळत. रस्त्याने जाताना कॉलनीतली पोरं मला 'हुशारपैकी' म्हणत आणि सुमीला 'न्हाईपैकी'. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

कॉलनीतलं पहिलं स्नेहभोजन आठवतं. सरांनी मायला निरोप पाठवला, "तुमच्यातलं काहीतरी खास करा." मायने पीठ मळता मळता विचारलं, "आमच्यातलं म्हंजे काय ओ? आमी काय येगळी ज्वारी खातो?" तिने धपाटे केले, काळे तीळ लावून, आणि खलबत्त्यातला ओला ठेचा. लातुरात धपाटे कोण करत नाही? कापडवाल्यांच्या बाईंनीही तेच आणले होते. पण सरांनी आमच्याच डब्यातला धपाटा उचलला, सगळ्यांचं लक्ष जाईस्तोवर हातात धरला, मग घास घेतला आणि म्हणाले, "वा! वा! वहिनी, अमृत!" इतक्या मोठ्याने धपाटा खाताना मी पुढे कुणालाही पाहिलं नाही. आण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. माय डब्याचं झाकण लावत एवढंच म्हणाली, "तिखट लागलं असंल." काकूंनी मात्र तो संबंध वेळ ताटातल्या भाताशी खेळण्यात काढला, आणि खरं सांगते, त्या बाईबद्दल मला आज कमी राग आहे. ती निदान विचारून मोकळी झाली होती.

मग पाणी. कॉलनीच्या विहिरीला तळ दिसला आणि टँकर सुरू झाला. सकाळी शाळेच्या कोपऱ्यावर तो यायचा. त्याआधी तासभर रांग लागायची, रिकाम्या घागरी एकमेकींवर आदळायच्या, त्या खणखणाटानेच आम्ही उठायचो. निवड वर्गाची वेळही तीच. सरांनी फळ्यावर सुवाच्य अक्षरात नियम लिहिला : हुशार मुलांनी रांगेत उभं राहायचं नाही, देशाची संपत्ती अशी वाया घालवायची नाही. वर्गाची चाचणी उन्हाळा सरता सरता होणार होती, पण चाचणीला बसणाऱ्या मुलांना तोवरही सूट होती. मग रांगेत उरायच्या बायका आणि 'न्हाईपैकी' पोरं. आमच्या घरातून माय आणि सुमी. मी दार लोटून आत बसायचे आणि मोठ्याने भूगोल पाठ करायचे, मोठ्याने यासाठी, की बाहेर ऐकू जावं.

सुमी रांगेत काय करत होती ते मला फार उशिरा कळलं. ती टँकरच्या मागे जायची, कुठवर भरलाय ते पत्र्यावर टिचकी मारून बघायची, रांगेतल्या घागरी, हंडे, डबे नजरेने मोजायची आणि सांगायची, "आज त्या निळ्या लुगड्यावाल्या मावशीपस्तोर पुरंल, पुढं न्हाई." पहिल्यांदा बायका हसल्या. मग तीनचार दिवस तसंच झालं. नंतर नंतर तर निळ्या लुगड्याच्या मागच्या बायका सुमीचं ऐकून घागरी उचलायच्या आणि शेजारच्या वस्तीतल्या टँकरकडे निघून जायच्या. टँकरवाला तिला 'मास्तरीण' म्हणायचा. घरी आल्यावर माय हे कौतुकाने सांगायची आणि मी नाक मुरडून म्हणायचे, "घागरी मोजणं म्हणजे काय गणित असतं का?" मी पुढे तीस वर्षं मुलांना गणित शिकवलं. ते वाक्य आठवलं की मला माझीच कानशिलं गरम झालेली कळतात.

चाचणीला दोघी बसल्या त्या मायच्या हट्टाने. "दोघी सातवीत हायत, दोघी बसतील," ती म्हणाली आणि सरांसमोर हलेचना. सर हसले, "बसू द्या, एक कागद जाईल फार तर." सुमी रांगेतून तशीच आली, परकराचा घेर ओला, बसली, लिहिलं आणि घंटेच्या आधीच उठून गेली. मी शेवटपर्यंत लिहीत होते, पुरवणी घेतली.

निकाल सांगायला सर स्वतः आमच्या खोलीत आले. घरातली एकुलती खुर्ची त्यांना दिली. "अभिनंदन, साहेब," ते आण्णांना म्हणाले. ट्रेसरला साहेब म्हटलं की तो विरघळतो हे त्यांना ठाऊक होतं. "दोघी विसात आल्या. विमल सोळावी. आणि ही आपली..." त्यांनी सुमीकडे असं पाहिलं, की जणू काहीतरी छापायची चूक झाली असावी. "ही तिसरी." माय उभी होती ती खाली बसली. सर पुढे म्हणाले, "पण अडचण अशी आहे, वर्ग सगळ्यांचा आहे. एका घरातून एकच घ्यायचं आमचं ठरलंय, म्हणजे सगळ्या समाजांना न्याय. तुमच्याकडून मी नियमाप्रमाणे वरचं नाव घातलंय, सुमनचं. यादी आजच जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीत गेली." माय म्हणाली, "तुमची दोन हायत की ओ वर्गात?" सरांची दोन्ही मुलं यादीत होती, एक एकोणिसावा, एक विसावा. सर शांतपणे म्हणाले, "ते जुळे आहेत, वहिनी." आणि आण्णांनी, माझ्या त्या हद्दी काढणाऱ्या बापाने, मान डोलावली. पटलं त्यांना! जुळे म्हणजे एकच, हे त्यांना पटलं.

सर गेले. दिवस अजून मावळला नव्हता. मायने भाकरी करायला घेतली होती, ती थापता थापता हसत होती, आणि तशी हसताना मी तिला पुन्हा कधी पाहिलं नाही. "माझी सुमी तिसरी," ती परातीला सांगत होती. सुमी चुलीपाशी काटक्या मोडत बसली होती, कान लाल झालेले. आण्णा मात्र ते कापड काढून बसले होते, मार्कांचं, जणू त्यात कुठेतरी बेरीज चुकली असावी. मला ते बघवेना. सगळं घर माझ्यासाठी उचलून आणलेलं, आणि आता मी 'ड' तुकडीत बसायचं आणि माझ्या हाताखाली दौती भरणारी पोरगी निवड वर्गात? मी म्हटलं, "मग पाणी कोण भरणार?"

मायचा हात थांबला. "तू भरशील," ती म्हणाली. मी म्हटलं, "मला येत नाही. माझ्या डोक्यावर ठरत नाही." हे धादांत खोटं होतं. किनवटला पैनगंगेवरून मी दोन-दोन घागरी आणत होते, सुमी माझ्या मागे तांब्या घेऊन यायची. मायला ते माहीत होतं, सुमीला माहीत होतं. आण्णांना माहीत नव्हतं, किंवा नसल्यासारखं त्यांनी केलं. ते कापडाची घडी घालत म्हणाले, "बरोबर हाय तिचं. इमलचंच नाव घालायला सांगतो. तिच्याच साठी आलो आपण." माय म्हणाली, "तव्हा तिच्यासाठी आलो. आता सुमीचं नाव आलंय." आण्णा म्हणाले, "तुला कळत न्हाई." तेव्हा सुमी काटकी मोडत म्हणाली, "जाऊ दे ना माय. आक्काला रांगेत उभं ऱ्हायला लाज वाटंल. मला न्हाई वाटत." तिने हे रागाने म्हटलं असतं तर मी आज सुटले असते. ती मला सांभाळून घेत होती. माय माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "इमे, तू बोललीस ते बरं झालं. तुझ्या बापाला तेच बोलायचं हुतं, त्याला धीर हुईना." त्या दिवशी ती जेवली नाही. मी जेवले. गरम भाकरीवर येसराची आमटी होती, मी दोनदा वाढून घेतली.

सुमी पुढे 'ड' तुकडीतून दहावी झाली, रेणापूरला दिली, तिथे अंगणवाडीत लागली. माझ्याशी ती कधी वाईट वागली नाही. माझ्या लग्नात तिनेच पाण्याची व्यवस्था पाहिली. मी प्राचार्य झाले तेव्हा तिने गावात पेढे वाटले, 'आमची आक्का पहिल्यापासूनच हुशार' म्हणून. लोकांना वाटतं मला मोठेपणा आवडत नाही, म्हणून मी सत्कारांना जात नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी आण्णा सरांकडे नाव बदलायला गेले. सर म्हणाले, "छे, छे, यादी गेली. जिल्हा नवा, दप्तर नवं, पहिल्याच यादीत खाडाखोड नको. विमलला बसवा ना, काय फरक पडतो? घर तेच आहे. हजेरीला तेवढं सुमन म्हटलं की हो म्हणायचं." आण्णा घरी येऊन हे आनंदाने सांगू लागले, किती सोपं झालं म्हणून. आणि मलाही ते सोपंच वाटलं. सरांना आमच्यातली एक हवी होती. कोण, हा प्रश्न त्यांना नव्हता, आणि आम्हीही तो विचारला नाही.

वर्गाचा पहिला दिवस. माझी नवी वेणी, नवी वही, पहिला बाक. खिडक्या कोपऱ्याकडे उघडणाऱ्या, कारण आत वारा नव्हता. बाहेर टँकर आला होता, घागरी वाजत होत्या, बायकांचा गलका. मास्तरांनी हजेरीची वही उघडली आणि एकेक नाव घेऊ लागले. सरांचे दोघे जुळे 'हजर' म्हणून बसले. मग मास्तर खणखणीत आवाजात म्हणाले, "सुमन!"

मी उठायच्या आत खिडकीबाहेरून, रांगेतून, सवयीने उत्तर आलं, "ओ!"

वर्ग हसला. मास्तरांनी चष्म्यावरून आधी खिडकीकडे पाहिलं आणि मग बाकांकडे. मी उभी राहिले, आणि तिच्यापेक्षा मोठ्याने म्हणाले, "हजर."